शब्बाथ शाळेच्या नव्या शिक्षकांसाठी: मोबाईल, भजन आणि आठ आठवडे मार्क

शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, नव्यानं घ्यायला लागलेले तरुण शिक्षक भेटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "कुठलं ॲप वापरू?" मी त्यांना उलट विचारते, "तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यात जास्त भजनं कुणाला पाठ आहेत?" दोन्ही प्रश्नांचा एकमेकांशी काय संबंध, ते सांगण्यासाठीच हा लेख.

बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींचा वर्ग मी गेली काही वर्षं घेते. मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातली, मराठी. पहिल्या वर्षी हौसेनं प्रोजेक्टर आणला आणि दर रविवारी पवित्र शास्त्रातल्या गोष्टींचे कार्टून दाखवले. मुलं एकदम शांत बसायची, मला वाटायचं छान चाललंय. एका रविवारी विचारलं, "उधळ्या पुत्रानं घरी परत येऊन बापाला काय म्हटलं?" एकालाही सांगता आलं नाही. डुकरं कुठल्या रंगाची होती ते मात्र सगळ्यांना आठवत होतं. त्या दिवसापासून मी प्रोजेक्टर बंद केला आणि फोन मुलांच्या हातात दिला. बघण्यासाठी दिला नाही. रेकॉर्ड करण्यासाठी, विचारण्यासाठी, मोजण्यासाठी दिला. मोबाईल पडदा म्हणून वापरला की मूल गप्प होतं, पाटी म्हणून वापरला की ते काहीतरी उमटवतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: वर्गाआधीच्या भेटी

आधी पाळकसाहेबांना भेटा आणि आठ आठवड्यांचा बेत कागदावर दाखवा. मग पालकांच्या घरी जा. फोनवरून नको, प्रत्यक्ष जा. चहाला बसलात की कळतं कुठल्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, कुठल्या घरात रात्री अकरापर्यंत रील चालू असतात. आमच्या पहिल्या तुकडीत चौदा मुलं होती, स्वतःचा फोन असलेली चार. म्हणून मी चौघाचौघांचे गट केले आणि एका गटाला एक फोन, असं ठरवलं. हे न बघता "सगळ्यांनी ॲप डाऊनलोड करा" म्हटलं असतं, तर दहा मुलं दुसऱ्या रविवारी आलीच नसती.

काही नियम पहिल्याच दिवशी लिहून काढा आणि त्यावर पालकांची सही घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कायम दोन मोठी माणसं असावीत, त्यातला एक पालक. शिक्षकानं मुलामुलींना एकेकट्याला खासगी मेसेज करायचा नाही, कितीही चांगल्या हेतूनं असला तरी. रात्री नऊनंतर ग्रुप बंद. मुलांचे चेहरे कुणाच्या स्टेटसला किंवा यूट्यूबला जाणार नाहीत, आवाज गेला तर पालकांना विचारून. व्हॉट्सॲपची स्वतःची वयोमर्यादा १३ वर्षं आहे, तेव्हा बारा वर्षांच्या मुलाचा निरोप आईच्या फोनवर. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदाही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. कायद्याच्या आधी मला आईबापांचा विश्वास महत्त्वाचा वाटतो. तो एकदा गेला की वर्ग गेला.

आणखी एक. वर्गातल्या मुलांचे इतर धर्मांतले मित्र कधीकधी बरोबर येतात. त्यांना प्रेमानं बसवा, खाऊ द्या, पण त्यांच्या आईवडिलांना माहीत असल्याशिवाय शिकवणीत ओढू नका. आपल्या मुलाला कुणी आपल्या नकळत शिकवलेलं आपल्याला चालेल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

दुसरी पायरी: एकच पुस्तक धरा

नवा शिक्षक पहिल्या महिन्यात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं सांगायला जातो. नको. मार्कचं शुभवर्तमान घ्या. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, अध्याय १६. आठवड्याला दोन अध्याय धरले तर आठ आठवड्यांत पूर्ण होतं. गोष्ट वेगानं पुढे जाते, भाषणं कमी आणि घडामोडी जास्त. तरुणांना हे आवडतं.

यूव्हर्जनच्या बायबल ॲपमध्ये मराठी पवित्र शास्त्र फुकट वाचता येतं, आणि मराठी नव्या कराराचं ध्वनिमुद्रणही मिळतं. संपूर्ण मार्क ऐकायला साधारण दीड-दोन तास लागतात. ज्याला वाचनाचा कंटाळा आहे त्याला सांगा, गुरांना चारा टाकताना ऐक, सायकलवर नको. पण वर्गात मात्र छापील पुस्तकच उघडा. पान उलटताना आधी काय झालं, पुढे काय होणार, हे डोळ्यांना दिसतं. स्क्रीनवर एकच वचन तरंगत राहतं.

आपल्या पवित्र शास्त्राची मराठी भारदस्त आहे आणि मुलं तिथेच अडखळतात. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव "खंडणी" म्हणून देण्यास आला, असं वाचल्यावर एक मुलगा दचकून म्हणाला, "बाई, खंडणी तर गुंड मागतात ना?" बरोबरच होतं त्याचं, त्यानं तो शब्द फक्त बातम्यांत ऐकला होता. तसंच "तारण". गावात पतसंस्थेच्या पाटीवर "सोने तारण कर्ज" लिहिलेलं असतं, म्हणून मुलीला वाटलं तारण म्हणजे गहाण. मी तिला दुरुस्त करायची घाई केली नाही. उलट त्या पाटीचा फोटो काढून आणायला सांगितला आणि पुढचा अख्खा तास त्यावर घेतला. घरातलं सोनं गहाण पडतं तेव्हा आईचा चेहरा कसा होतो? ते सोडवून आणलं त्या दिवशी घरात काय झालं होतं? मुलं आपल्या घरातलं बोलायला लागली. सोडवून आणणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग "तरणे", "तारणारा" हे शब्द घेतले, आणि खंडणीचा जुना अर्थ, बंदिवानाला सोडवण्यासाठी भरलेली किंमत, तोही घेतला.

तेव्हापासून आमच्या वर्गाची एक वही आहे, शब्दांची. अडलेला शब्द, गावात तो कुठे ऐकला ती जागा, आणि पवित्र शास्त्रातला अर्थ. वहीच्या पानांचे फोटो ग्रुपवर जातात. पोरं ग्रुपवर मराठी रोमन अक्षरांत टाईप करतात म्हणून कपाळाला हात लावू नका. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं तेसुद्धा रोमन लिपीतच. अक्षरं परकी होती, पण ओवी अस्सल मराठी होती. मुलांना हे सांगितलं की त्यांची मान ताठ होते, आणि मग वहीत देवनागरी लिहायला ती कुरकुरत नाहीत.

तिसरी पायरी: दृष्टांत मातीत न्या

मार्कचा चौथा अध्याय, पेरणाऱ्याचा दृष्टांत: बी वाटेवर, खडकावर, काटेरी झुडपांत आणि चांगल्या मातीत पडतं. मला वाटायचं शेतकऱ्याच्या मुलांना हा शिकवायचं काय आहे! वाचून झाल्यावर एका मुलानं हात वर केला, "पण बाई, पाभरीनं पेरलं तर बी वाटेवर पडेलच कसं?" त्याचे आजोबा पाभरीमागे चालत चाड्यावर मूठ धरून दाणे सोडायचे. दाणा नळ्यातून सरळ तासात पडतो, इकडेतिकडे जात नाही. त्याच्या दृष्टीनं गोष्टीतला शेतकरीच बेफिकीर होता. आणि खरं सांगते, त्या प्रश्नानं मलाही तो दृष्टांत पहिल्यांदा उलगडला. पॅलेस्टाईनमध्ये तेव्हा बी हातानं फोकून पेरत. मूठ भरायची आणि फेकायची. वाटेवर पडणारच, खडकावर पडणारच. तरी तो पेरणारा हात आखडत नाही.

आता मी हा धडा असा घेते. चार पसरट भांडी किंवा जुने ट्रे घ्या. एकात पायवाटेची माती घालून ती पायानं चांगली तुडवून घट्ट करा. दुसऱ्यात मुरूम आणि वर बोटभर माती. तिसऱ्यात गाजरगवताच्या मुळ्या-बियांसकट उचललेली माती. चौथ्यात काळी भुसभुशीत माती. चारही ट्रेमध्ये मेथी फोकून पेरायला लावा, मेथी तीन-चार दिवसांत वर येते. ट्रे चर्चच्या ओसरीत ठेवा. प्रत्येक गटाकडे एक ट्रे, रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी एक फोटो. जागा चुकू नये म्हणून फोन टेकवायला एक वीट कायमची ठेवून द्या. दोन आठवड्यांनी ते फोटो फोनमधल्याच एखाद्या साध्या व्हिडिओ ॲपमध्ये ओळीनं लावले की वीस सेकंदांत सगळा दृष्टांत डोळ्यांसमोर वाढतो. मुरमातली मेथी आधी तरारते, मग एका दुपारच्या उन्हात माना टाकते. तो फोटो आला त्या दिवशी ग्रुपवर एका मुलीनं लिहिलं होतं, "मी अशीच आहे, कॅम्पला गेले की आठ दिवस." तिला त्यावर मी काहीही प्रवचन दिलं नाही, फक्त रविवारी तिच्या शेजारी बसले.

तसंच मार्कमध्ये वारंवार येणाऱ्या गालील समुद्राचं. "समुद्र" म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे गिरगाव चौपाटी येते. नकाशाच्या ॲपवर गालील उघडा आणि मोजायला लावा. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी १३. मग पैठणचा नाथसागर उघडा. आपला जलाशय त्याच्यापेक्षा मोठा! भोई कुटुंबातली मुलं वर्गात असतील तर जाळं, होडी आणि अचानक सुटलेला वारा यांवर त्यांना बोलू द्या, तुम्ही ऐका.

चौथी पायरी: बुधवारचा निरोप

रविवार ते रविवार अंतर फार असतं. आठवड्याच्या मधोमध एक आवाजी निरोप पाठवा. दीड मिनिटाच्या आत. "आमेन लिहा", "दहा जणांना फॉरवर्ड करा" असलं काही नको. फुलांच्या चित्रावर छापलेलं वचनही नको, ते कुणी वाचत नाही. माझा एक निरोप असा होता:

"जय ख्रिस्त मुलांनो. मार्क दोनमध्ये चार मित्रांनी छप्पर उकललं आणि आजारी मित्राला खाली सोडलं. ते घर कुणाचं होतं हे मार्कनं नीट सांगितलेलं नाही. त्या घरमालकाला काय वाटलं असेल? आज घरातल्या एका मोठ्या माणसाला हे विचारा आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच आवाजात पाठवा."

सात उत्तरं आली. एका गवंडी वडिलांनी माळवदाचं घर कसं बांधतात, वर किती माती असते आणि ती उकरायला किती वेळ लागेल ते सविस्तर सांगितलं. ते कधी चर्चला यायचे नाहीत.

पाचवी पायरी: भजन गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. आपली मराठी मंडळी गाणारी मंडळी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात, ओवीत, भजनात आणली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांच्या मागे त्यांचं येशूवरचं अपुरं काव्य, ख्रिस्तायन, पूर्ण केलं. आपल्या उपासना-संगीतात टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. तरी आज तरुण संघात विचारलं तर इंग्रजी आणि हिंदी गाणी आधी सुचतात. ती गाऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण टाळ, पेटी, ढोलकीवर म्हटलेलं भजन खेड्यातल्या आजींच्या गळ्यात आहे आणि त्या दरवर्षी कमी होत आहेत. काही चाली कुठेही लिहिलेल्या नाहीत.

मुलांचा एक गट एका आजींच्या किंवा आजोबांच्या घरी पाठवा, आधी विचारून. रेकॉर्डिंगच्या बारीकसारीक गोष्टी त्यांना शिकवा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन अंतऱ्यात रिंग वाजते. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर चुलीवर असेल तर तो होईपर्यंत थांबा. फोन हातात धरू नका. चौघडी टॉवेल घालून त्यावर ठेवा, गाणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर आणि जरासा बाजूला. टाळ फोनपासून लांब, नाहीतर बाकी काही ऐकू येत नाही. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका आणि मगच पुढे चला. गाणं झाल्यावर लगेच बंद करू नका. "हे तुम्ही कुणाकडून शिकलात?" एवढं विचारा आणि चालू ठेवा. खरा साठा त्यानंतर येतो.

फाईलला नाव द्या: गीताची पहिली ओळ, गाव, तारीख. दोन ठिकाणी ठेवा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर हक्कांचं भान ठेवा. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतात, म्हणजे टिळकांची आणि १९३६ साली वारलेल्या लक्ष्मीबाईंची रचना आता सगळ्यांची आहे. पण नव्या गीतांचं तसं नाही आणि दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचंही नाही. गाणाऱ्या आजींची परवानगी तर कवीच्याही आधी.

वसईच्या मुलांना मी हेच सांगेन, फक्त तिथे कुपारी या स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या लग्नातली गाणी आणि त्यांची कादोडी बोली गोळा करा. श्रीरामपूरकडच्या कॅथलिक तरुणांना हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला पायी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बोलता येईल. जे जिथे आहे ते तिथे.

सहावी पायरी: बारा मिनिटांचं कीर्तन

सहाव्या-सातव्या आठवड्यात मुलांना कीर्तन उभं करायला द्या. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, तेव्हा संकोच नको. रचना सोपी ठेवा. सुरुवातीला एक ओळ किंवा वचन घेऊन त्याचा अर्थ सांगायचा, तो पूर्वरंग. मग मार्कमधली एक गोष्ट रंगवायची, तो उत्तररंग. मध्ये मध्ये गोळा केलेल्या भजनाचा एखादा चरण. बारा मिनिटांवर जाऊ देऊ नका.

फोनचा उपयोग इथे तालमीसाठी. मुलं स्वतःला रेकॉर्ड करून ऐकतात आणि कुठे घाई झाली ते त्यांना सांगावं लागत नाही. आमच्या वर्गात एका चौदा वर्षांच्या मुलीनं याईराच्या मुलीची, येशूनं मरणातून उठवलेल्या मुलीची, गोष्ट केली. "मुली, ऊठ" या शब्दांपाशी ती आपोआप थांबली, पेटीही थांबली. मंडळीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

सातवी पायरी: अवघड प्रश्न

हल्ली मुलं प्रश्न आधी फोनमधल्या एआयला विचारतात. ओरडू नका. उत्तर वर्गात आणायला सांगा आणि त्यातला प्रत्येक संदर्भ छापील पुस्तकात शोधायला लावा. कधी वचन भलतंच निघतं, कधी अर्धं. पडताळून बघण्याची सवय लागली की ती व्हॉट्सॲपवरच्या "चमत्कारां"नाही लागू पडते.

पण सगळ्यात दुखरा प्रश्न एआयकडे नसतो. शाळेत कुणीतरी विचारतं, "तुम्ही मूळचे कोण? का बदललात?" आणि मूल मान खाली घालतं. आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे होते. ही गोष्ट लपवू नका. मी मुलांना एक काम देते: "आपल्या घरात सगळ्यात आधी वाचायला कोण शिकलं?" घरात विचारायचं आणि रेकॉर्ड करायचं. कुणाची पणजी निघते, कुणाचे खापरपणजोबा, मिशनच्या शाळेतली पाटी, दिव्याखाली वाचलेलं शुभवर्तमान. मग मी सांगते की याच नगरमध्ये अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार मुलींच्या शाळा चालवत होत्या आणि सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला आल्या होत्या. १८४२ साली ज्ञानोदय हे नियतकालिक याच शहरातून निघालं. मुलाची मान वर येते ती कुणाला हिणवून नाही, आपल्या माणसांची ओळख पटून.

आणि ज्याला विश्वासाबद्दलच शंका आहेत, त्याला घाई करू नका. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंनी तो घेतला पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाला पटल्यावर. मधल्या काळातलं दुःख, राग, दुरावा त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलंय. मोठ्या मुलींना ते भाग जरूर वाचून दाखवा.

फोन कधी नको

प्रार्थनेच्या वेळी दारात टोपली ठेवा, सगळ्यांचे फोन त्यात, शिक्षकाचा सगळ्यात आधी. कुणाच्या घरी मयत असेल तर ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकून थांबू नका, मुलांना घेऊन जा आणि बसा. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेचं शूटिंग मुलांकडून करून घेऊ नका. एका वर्षी मी करून घेतलं. येशूनं क्रुसावरून उच्चारलेल्या सात वचनांपैकी एकही त्या मुलाच्या कानावर गेलं नव्हतं, त्याचं सगळं लक्ष बॅटरीवर होतं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

आठवा रविवार

परीक्षा घेऊ नका. मार्कमधली आवडलेली एक गोष्ट प्रत्येकानं आपल्या शब्दांत, न बघता सांगायची. ज्याला उभं राहून जमत नाही त्यानं आदल्या दिवशी रेकॉर्ड करून आणलं तरी चालेल. मग गोळा झालेली भजनं पेन ड्राईव्हवर घालून ज्यांच्या घरून आणली त्यांच्या घरी मुलांनीच नेऊन द्यायची.

आमच्या एका आजींकडे पेन ड्राईव्ह लावायला काही नव्हतं, म्हणून मुलांनी फोनवरच ऐकवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या कडव्यापाशी त्यांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाल्या, "इथं मी चाल चुकले गं. माझी आई असं म्हणत नव्हती." मग पंखा बंद केला, टॉवेलची घडी घातली, आणि पुन्हा पहिल्यापासून.